लाल क्लिप खाली

आदरणीय अध्यक्ष महोदय, आजचे सत्कारमूर्ती आमचे सर, मंचावरचे मान्यवर पाहुणे, पहिल्या रांगेत बसलेल्या सरांच्या पत्नी, आमच्या काकू, लॅबमधले माझे सगळे सहकारी आणि आपापली कामं बाजूला ठेवून इथे आलेली मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

मला विद्यार्थ्यांच्या वतीने मनोगत व्यक्त करायला सांगितलं आहे. मन मोकळं करण्यात मी जरा कच्ची आहे. घडलं ते क्रमाने सांगणं मला जमतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते. आज कार्यक्रमाच्या आरंभी या मंचावर काय घडलं?

१. पेशींना विजेचा झटका देणारं लॅबमधलं जुनं यंत्र या टेबलावर आणून ठेवलं. निरोपाच्या दिवशी सरांच्या हस्ते एक प्रयोग व्हावा, अशी संयोजकांची इच्छा होती.

२. जिवंत पेशींची डिश मी आणली.

३. मी विचारलं, "सर, जोडणी सांगू का?" सर म्हणाले, "अगं, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी हे करतोय. तू मला सांगणार?" टाळ्या झाल्या.

४. सरांनी काळी क्लिप डिशच्या खालच्या तारेला लावली, लाल क्लिप वरच्या तारेला लावली आणि बटण दाबलं.

५. डिश मायक्रोस्कोपखाली ठेवली. स्क्रीनवर पेशी केशरी उजळायला हव्या होत्या. स्क्रीन काळीच राहिली.

६. सर माईकवर म्हणाले, "पेशी नीट सांभाळलेल्या दिसत नाहीत. आजकालच्या मुलींना मोबाईल सांभाळता येतो, पेशी नाही."

७. सभागृह हसलं.

८. सर म्हणाले, "टाकून द्या ती डिश." मी टाकली नाही. ती टेबलावर, त्या छोट्या गरम तबकडीवर ठेवली आहे. आपण सगळे तिच्याकडे तोंड करूनच बसला आहात, त्यामुळे तिला माझ्याशिवाय कुणी हात लावलेला नाही हे मी वेगळं सांगायला नको.

घडलं ते एवढंच. आता सरांविषयी बोलते.

सरांचं नाव ज्या कामामुळे झालं, ते काम काय आहे हे सभागृहातल्या पाहुण्यांना थोडक्यात सांगायला हवं. पेशीभोवती एक पातळ आवरण असतं. बाहेरचा पदार्थ ते सहजासहजी आत येऊ देत नाही. औषध म्हणा, जनुकाचा तुकडा म्हणा, आत पोचवायचा तर त्या आवरणाला क्षणभर उघडायला लावावं लागतं. विजेने ते उघडतं. पूर्वीची पद्धत अशी होती, की पेशी द्रवात तरंगत ठेवायच्या आणि सगळ्या द्रवातून जोराचा झटका द्यायचा. आवरण उघडायचं खरं, पण जागोजागी उघडायचं, आणि बऱ्याच पेशी त्यातून परत सावरायच्याच नाहीत. आमच्या लॅबची पद्धत वेगळी आहे. पेशी एका पातळ पडद्यावर बसवतात. त्या पडद्याला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. विजेचा सगळा जोर त्या भोकाच्या तोंडाशी एकवटतो. पेशीचा जेवढा भाग भोकावर टेकलेला असतो तेवढाच उघडतो, खालचा पदार्थ आत ढकलला जातो, आणि आवरण पुन्हा मिटतं. वीज थोडी लागते, पेशी जगते.

सोपं वाटतं ना? सरांच्या व्याख्यानातही ते असंच सोपं वाटतं. ही माझी तक्रार नाही. अवघड गोष्ट सोपी करून सांगणं मी सरांकडूनच शिकले.

फक्त दोन गोष्टी सर व्याख्यानात सांगत नाहीत. पहिली ही, की तो भोकांचा पडदा या लॅबमध्ये प्रथम कुणी बनवला. दुसरी आमच्या या यंत्राविषयी आहे.

केशरी चमकणारा पदार्थ खाली असतो आणि त्याच्यावर ऋण भार असतो. त्याला वर पेशीत ढकलायचं तर खालची तार ऋण हवी, वरची धन. कुठल्याही पुस्तकात लाल म्हणजे धन आणि काळी म्हणजे ऋण. त्या हिशेबाने काळी खाली. सरांनी मघाशी तेच केलं. सरांचं पुस्तकी ज्ञान चोख आहे, याविषयी कुणी शंका घेऊ नये.

पण हे यंत्र उलटं आहे. फार वर्षांपूर्वी त्याचं सॉकेट जळलं. दुरुस्ती करणाऱ्याने आतल्या तारा उलट्या जोडल्या. त्या वेळी कुणीतरी सरांच्या खोलीत जाऊन सांगितलं, तर सर मान वर न करता म्हणाले, "चालतंय ना? मग हात लावू नका." कुणी हात लावला नाही. लेबल चिकटवलं की स्पिरिटने पुसताना निघून यायचं, म्हणून लेबलही राहिलं नाही. राहिली ती सवय. आमच्याकडे नव्या मुलीला पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगतात. चहाची साखर कुठल्या बरणीत आहे, आणि लाल क्लिप खाली.

उलटी जोडली तर काय होतं? धडाका होत नाही, धूर निघत नाही. पेशी उघडतात आणि मिटतात, पण पदार्थ वर जायच्या ऐवजी खाली ओढला जातो. पेशी जिवंत राहतात आणि रिकाम्या राहतात. स्क्रीन काळी.

काकू, आपण मघाशी बोलताना एक गंमत सांगितलीत. घरात बल्ब बदलतानासुद्धा हे कुणाचं ऐकत नाहीत, म्हणालात. सगळे हसले, मीही हसले. आपल्याकडे बल्ब फुटला तर नवा आणता येतो.

आता ज्या व्यक्तीने तो पडदा बनवला तिच्याविषयी. ती माझी सख्खी थोरली बहीण. ताई याच लॅबमध्ये, मी आज बसते त्याच्या शेजारच्या टेबलावर काम करायची. इथल्या जुन्या मंडळींना ती आठवत असेल. सरांना आठवते की नाही, मला माहीत नाही. माझी मुलाखत सरांनीच घेतली. आडनाव तेच, नाकडोळेही बरेचसे तेच. सरांनी माझे गुण पाहिले, माझ्याकडे पाहिलं नाही.

ताईचं काम पूर्ण होत आलं होतं, तेव्हा बाहेरून पाहणी समिती आली. समितीचे प्रमुख कोण होते, हे अध्यक्ष महोदयांना आठवत असेल, कारण ते स्वतःच होते. अध्यक्ष महोदय, आपण त्या दिवशीही असेच समोर होतात.

ताईने पेशी वाढवल्या होत्या. प्रयोग तीच करून दाखवणार, असं ठरलं होतं. आयत्या वेळी सर पुढे झाले आणि म्हणाले, "आज मीच दाखवतो." सरांनी काळी क्लिप उचलली. ताई वाकून हळूच म्हणाली, "सर, आपल्याकडे लाल खाली असते." सर तिच्याकडे न बघता पाहुण्यांना म्हणाले, "बघा, आता ही मला वीज शिकवणार." पाहुणे हसले. काळी क्लिप खाली गेली. स्क्रीन काळी राहिली.

मग सर काय म्हणाले असतील? आपण अंदाज करू शकता, कारण आपण आजच ऐकलं आहे. तेव्हा मोबाईलचा विनोद नव्हता. तेव्हा सर म्हणाले, "मेलेल्या पेशी आणून ठेवल्यात हिने. हिचा हातच चालत नाही पेशींना." ताई म्हणाली, "सर, एकदा क्लिप बदलून बघूया." सर म्हणाले, "पाहुण्यांचा वेळ घालवू नकोस. टाकून दे ती डिश." आणि ताईने स्वतःच्या हाताने ती डिश टाकून दिली.

त्या खोलीत लॅबमधलीही माणसं उभी होती. लाल क्लिप कुठे लागते ते त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणी बोललं नाही. त्यांतले बरेचसे आज इथे आहेत. मघाशी टाळ्या सगळ्यात जोरात कुठून आल्या ते मी पाहून ठेवलं आहे.

समितीने निष्कर्ष दिला की पेशींच्या निगेत हलगर्जी झाली. ताईचं काम थांबवलं. पडदा मात्र थांबवला नाही. तो चांगला होता, तो पुढे वापरला गेला, आजही वापरला जातो. मघाशी सत्कारपर भाषणांत त्याचा उल्लेख तीन वक्त्यांनी केला आणि तिघांनी तो सरांच्या नावावर केला.

लॅबमध्ये हळूहळू एकेकजण आपल्या डिश ताईच्या कप्प्यातून उचलून दुसरीकडे ठेवायला लागला. कुणी भांडलं नाही. "राहू दे गं, मी बघते माझं," एवढंच म्हणायचे. कुणाच्या पेशींना बुरशी लागली, की आधी ताई आदल्या दिवशी कुठे होती याची चौकशी व्हायची. पदवी न घेता ती घरी आली.

आई म्हणाली, "पेशीच ना त्या? माणसं थोडीच मारली हिने!" ताई त्या दिवशी हसली. पुढे ती गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालेनाशी झाली. मी कॉलेजातून आल्यावर म्हणायची, "तू घाल गं. माझा हात नको." मला आधी ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. माझी ताई आता एका दूध केंद्रावर दुधाचे नमुने तपासते. काम चोख करते. फक्त जिवंत काही सांभाळायचं म्हटलं की मागे सरते. शेजारणीने तान्हं बाळ पुढे केलं तर म्हणते, "मला सर्दी झालीय."

मी या लॅबमध्ये का आले, असं मला मुलाखतीत विचारलं होतं. मी म्हटलं, विषयाची आवड आहे. ते खोटं नव्हतं. पूर्ण उत्तर आज देते आहे.

पहिल्याच दिवशी चहाच्या टेबलापाशी मला सांगण्यात आलं, "लाल क्लिप खाली. का, ते विचारू नकोस." मी घरी गेले. ताई वाळलेले कपडे घडी घालत होती. म्हटलं, "ताई, लाल खालीच असते. तू म्हणत होतीस ते बरोबर होतं."

ती म्हणाली, "असेल."

"असेल काय? आहेच."

"अगं, क्लिप चुकली असेल. पण पेशीही मेल्या असतील. दोन्ही असू शकतं ना? आता कोण सांगणार? डिश तर टाकून दिली." आणि उशीचा अभ्रा झटकून म्हणाली, "इतक्या लोकांसमोर इतका मोठा माणूस बोलला. काहीतरी असेलच माझं."

सर, आपण तिचं काम थांबवलंत, पडद्यावरून तिचं नाव काढलंत, त्याचा मला राग आहेच. पण त्याहून मोठा राग या शेवटच्या वाक्याचा आहे. जी मुलगी मोजल्याशिवाय मीठ घालत नव्हती, तिला आपण स्वतःच्याच डोळ्यांवर विश्वास ठेवायचं सोडायला लावलंत.

आज सकाळी मी तिला म्हटलं, "चल माझ्याबरोबर."

"कशाला? माझी वरात काढायला?"

"सरांच्या हस्ते प्रयोग ठेवला आहे."

तिने विचारलं, "क्लिप कोण लावणार?"

"सर."

दाराशी येऊन म्हणाली, "त्यांना आधी सांग हं. न सांगता फसवू नकोस."

मी शब्द दिला. ती घरीच थांबली. मंचावर येऊन सगळ्यांदेखत विचारलं, सर, जोडणी सांगू का? त्याचं उत्तर आपण सगळ्यांनी ऐकलं. दुसऱ्यांदा विचारायचं मी कबूल केलं नव्हतं.

काय म्हणालात, अध्यक्ष महोदय? वेळ? हो, मला कल्पना आहे. माझं बोलणं आटोपतच आलं आहे. थोडं काम मात्र बाकी आहे. सर, आपण उठू नये ही विनंती. आपला सत्कार अजून संपलेला नाही.

दादा, ही डिश मायक्रोस्कोपखाली घेऊन स्क्रीन चालू करता का? धन्यवाद.

मघाशी आपली भाषणं चालू असताना मी या डिशमध्ये एक थेंब टाकला. तो रंग फक्त जिवंत पेशीत हिरवा होतो, मेलेल्या पेशीत होत नाही. सर, चुकत असेन तर सांगा. आपण मान हलवलीत, ती मी होकार समजते. आता स्क्रीनवर बघा. काळं दिसतं आहे का? हिरवं आहे. या कडेपासून त्या कडेपर्यंत हिरवं आहे. सरांच्या झटक्यानंतर, भाषणं ऐकत इतका वेळ टेबलावर बसून, या पेशी जिवंत आहेत. म्हणजे पेशी सांभाळता येतात. मुलींनाही.

आता डिश तीच, पेशी त्याच, खालचा पदार्थ तोच. थेंबाचा रंग धुण्यासाठी वरचा द्रव तेवढा मी मघाशीच बदलला. मी फक्त क्लिप काढते आहे. ही काळी वर. ही लाल खाली. मागच्या रांगेतल्यांना दिसतंय ना? बटण दाबते.

दादा, आता केशरी रंग दाखवा.

हं.

टाळ्या नकोत. खरंच नकोत. ज्यांना हे आधीपासून माहीत होतं त्यांनी तर नकोतच.

हे जे केशरी ठिपके दिसत आहेत, एकेका पेशीत एकेक, ते त्या दिवशी ताईच्या डिशमध्येही दिसले असते. त्यासाठी लागणार होती ती वेळ किती, तर आत्ता लागली तेवढी. तेवढ्यात पाहुण्यांचा किती वेळ गेला असता? चहा गार झाला नसता.

मला समाधान वाटतं आहे का? वाटतं आहे. निरोपाच्या दिवशी असं बोलू नये, हे मला कळतं. सरांनी एका मुलीला भर सभेत मान खाली घालायला लावली, ती वर करायची तर तीही भर सभेत, असं माझं मत आहे. बंद खोलीत येऊन मी हे दाखवलं असतं, तर सर म्हणाले असते, "बरं, बघू." सरांचं 'बरं, बघू' म्हणजे काय ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आणि मी थांबले असते तर? आज संध्याकाळी सर घरी गेले असते, सोबत फुलं आणि मानपत्र. महिनाअखेर खोलीवरची पाटी उतरली असती. मग विचारायचं कुणाला? निवृत्त माणसाला त्रास काय द्यायचा, असं हेच सभागृह मला म्हणालं असतं. म्हणून आजचा दिवस निवडला. सर अजून पदावर आहेत, अध्यक्ष महोदय समोर आहेत, पेशी जिवंत आहेत. यापेक्षा चांगली वेळ मला सापडली नाही.

सर, आपल्याकडून मी पुष्कळ शिकले. हे वाक्य निरोपाच्या भाषणात सगळेच म्हणतात, मी यादी देते. एकाच गोष्टीला दोन कारणं असू शकतात, तेव्हा एकेक बाजूला काढून बघ, हे आपण शिकवलंत. पेशी बोलत नाही म्हणून तिच्या तोंडी आपलं म्हणणं घालू नकोस, हे आपण शिकवलंत. निकाल मनासारखा आला नाही तर आधी जोडणी तपास, हेही आपण शिकवलंत. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला. माझ्या वहीत आपल्याच शब्दांत आहे. आज मी आपलं शिकवलेलं केलं, एवढंच.

अध्यक्ष महोदय, आपणही त्या दिवशी एक वाक्य बोलला होतात. "होतं असं, मुलगी नवीन असेल." मुलगी नवीन नव्हती. ज्या पडद्याचं आपण नंतर कौतुक केलंत, तो तिने बनवला होता. आपल्याकडे माझं काही मागणं नाही. सरांकडून जे लेखी येईल ते आपण वाचावं, आणि त्या वेळचा निष्कर्ष तसाच ठेवायचा की बदलायचा हे आपणच ठरवावं. आपण न्यायी आहात असं मघाशी प्रास्ताविकात सांगितलं गेलं. मी ते लक्षपूर्वक ऐकलं.

इतका वेळ आपण सर्वांनी मला बोलू दिलंत, मध्येच माईक काढून घेतला नाहीत, त्याबद्दल मनापासून आभार. दादांनी मायक्रोस्कोप सांभाळला, संयोजकांनी यंत्र जपून आणलं, त्यांचेही आभार. सोहळ्याचा रंग बिघडला असेल तर तो मी बिघडवला, माझ्या ताईने नाही. बोलण्यात काही जास्त किंवा टोचून गेलं असेल तर ते माझ्या खात्यात धरावं आणि मोठ्या मनाने सोडून द्यावं. काकू, आपली विशेष माफी मागते. आपण आज चांगली साडी नेसून, आनंदाने आला होतात.

सर, माझी एकच विनंती आहे. त्या दिवशी पेशी जिवंत होत्या आणि जोडणी आपण चुकवलीत, तसंच तो पडदा ताईने बनवला, एवढं आपण समितीला लेखी कळवावं आणि त्याची एक प्रत ताईला पाठवावी. कळवणार की नाही, याचं उत्तर मला या महिनाअखेरपर्यंत, खोलीवरची पाटी उतरण्याआधी द्यावं.